सावधपणावर भिस्त नको

युरोपच्या सहलीला निघालेल्या माणसाला घरचे, शेजारचे, टूर कंपनीचे लोक एकच सल्ला देतात: सांभाळून राहा. हेतू चांगला असतो, पण त्या सल्ल्यात करण्याजोगे काही नसते. सांभाळायचे म्हणजे नेमके काय, कोणापासून आणि किती वेळ? दहा-बारा दिवसांच्या सहलीत सकाळपासून रात्रीपर्यंत डोळ्यांत तेल घालून कोणी वावरू शकत नाही. वावरलाच, तर ज्यासाठी काही लाख रुपये मोजले ते बघायचे कधी? म्हणून युरोपातील पर्यटकाच्या सुरक्षिततेविषयीच्या या पुस्तिकेची प्रस्तावना लिहिताना मला जरा उलटा वाटेल असा मुद्दा मांडायचा आहे. तिथे पर्यटकाला गाठणारे बहुतेक धोके सावधपणाने टळत नाहीत, कारण सावधपणा ढळण्याच्या क्षणावरच ते बेतलेले असतात. कामी येते ती निघण्यापूर्वी केलेली मांडणी. कोणती वस्तू कुठे, कोणाजवळ, आणि ती गेली तर हाताशी काय उरेल, हे घरी बसून ठरवलेले असेल तर रस्त्यावरची एखादी चूक महागात पडत नाही.

आधी धोक्याचे माप नीट घेतले पाहिजे. युरोप हा जिवावर बेतणारा प्रदेश नाही. युरोपियन युनियनच्या सत्तावीस देशांत २०२३ साली रस्त्यांवरच्या अपघातांत सुमारे २०,४०० माणसे गेली. भारतात २०२२ साली हा आकडा १,६८,४९१ होता. आपली लोकसंख्या त्यांच्या तिपटीहून थोडी अधिक आणि रस्त्यावरचे मृत्यू आठपट. म्हणजे पुणे-मुंबई प्रवास करून विमानतळ गाठणाऱ्या माणसाने प्रवासातला मोठा धोका बहुधा मागेच टाकलेला असतो. दहशतवादाची भीती अनेकांच्या मनात असते. नोव्हेंबर २०१५ मध्ये पॅरिसमध्ये १३० आणि जुलै २०१६ मध्ये नीस येथे ८६ माणसे मारली गेली, हे कोणी विसरलेले नाही. पण कोट्यवधी पर्यटकांच्या हिशेबात ही शक्यता इतकी विरळ आहे की तिच्यावरून सहलीचा बेत ठरवण्यात अर्थ नाही. वर्णद्वेषाबद्दल मात्र इतक्या झटकन हात झटकता येणार नाहीत. आयर्लंडमध्ये भारतीयांवर हल्ले झाल्यानंतर ऑगस्ट २०२५ मध्ये डब्लिनच्या भारतीय दूतावासाने आपल्या नागरिकांसाठी सूचना काढली होती. रात्री उशिरा निर्जन भागातून जाऊ नये, हा सल्ला तिथेही लागू आहे. त्यापलीकडे या प्रश्नावर पर्यटकाच्या हाती फारसे काही नाही, आणि आहे असा आव ही पुस्तिका आणत नाही. उरतो तो रोजचा, हमखास भेटणारा धोका: पाकीट, पासपोर्ट, मोबाइल जाणे.

हा धोका म्हणजे तिथला एक पक्का धंदा आहे. पॅरिसची मेट्रो, बार्सिलोनाच्या मेट्रोचा तीन नंबरचा मार्ग, रोमच्या तेर्मिनी स्थानकाहून व्हॅटिकनच्या दिशेने जाणारी ६४ नंबरची बस, ही या धंद्याची जुनी ठिकाणे. काम कसे चालते ते पाहा. गाडी फलाटावर येते. दारातून चढताना पुढची बाई मध्येच थबकते, ही गाडी आपली की नाही अशा शंकेने. मागचे दोघे रेटतात. गर्दीत धक्का लागायचाच, म्हणून पर्यटक तिकडे बघत नाही. बायको-मुले चढली का, ट्रॉली बॅग अडकली का, हे तो पाहत असतो. मागच्या माणसाच्या एका हातावर घडी केलेले जाकीट असते आणि त्या जाकिटाआड दुसरा हात काम करत असतो. दार बंद होण्याचा भोंगा वाजतो. थबकलेली बाई आपली गाडी चुकली अशा आविर्भावात खाली उतरते, तिच्यामागोमाग ते दोघे. दार लागते. पाकीट फलाटावर राहते आणि पर्यटक गाडीतून पुढच्या स्थानकाकडे निघतो. यात चाकू नाही, हिसकाहिसकी नाही, आरडाओरडा नाही. माणसे नीटनेटक्या कपड्यांतली, खांद्याला सॅक अडकवलेली, म्हणजे पर्यटकांसारखीच दिसणारी. मोंमार्त्रच्या टेकडीवर चर्चच्या पायऱ्यांशी मनगटात दोरा बांधणारे, मूकबधिरांच्या नावाने सही मागणाऱ्या मुली, सेन नदीच्या काठी ‘ही सोन्याची अंगठी तुमची का?’ म्हणून विचारणारा गृहस्थ, कपड्यांवर डाग पाडून तो पुसायला धावणारी जोडी, या साऱ्यांचे सूत्र एकच: लक्ष एकीकडे गुंतवायचे आणि हात दुसरीकडे चालवायचा. दिवसाला शेकडो माणसांवर हा प्रयोग करणाऱ्यापुढे, आयुष्यात पहिल्यांदाच तो पाहणाऱ्याचा सावधपणा कितीसा टिकणार?

इथे एक आक्षेप रास्तपणे येतो. चोर मोकाट आणि उपदेश मात्र पाहुण्याला, हा कुठला न्याय? तिथले पोलीस काय करतात? पोलीस काहीच करत नाहीत असे नाही, पण कायद्याची चौकट त्यांना फार दूर जाऊ देत नाही. स्पेनमध्ये चोरीचा माल चारशे युरोपर्यंतचा असेल, म्हणजे आजच्या दराने चाळीस हजार रुपयांच्या आसपास, तर तो किरकोळ गुन्हा ठरतो आणि सहसा दंडावर भागते. सराईतांसाठी कडक तरतुदी आल्या आहेत, पण त्या लागू करायला आधीच्या शिक्षा सिद्ध असाव्या लागतात. इटलीत २०२२च्या अखेरीस लागू झालेल्या फौजदारी सुधारणेने पाकीटमारीचा खटला चालवायला ज्याचे पाकीट गेले त्याचीच फिर्याद आवश्यक ठरवली. आता ज्याचे परतीचे विमान उद्या सकाळी आहे, तो फिर्याद देऊन तारखांना कसा हजर राहणार? टीका झाल्यावर तिथल्या सरकारला २०२३ मध्ये त्यात दुरुस्ती करावी लागली. हा प्रश्न बाहेरून येणाऱ्यांनीच फुगवलेला आहे असेही म्हणता येत नाही. एप्रिल २०१३ मध्ये लूव्र संग्रहालयाच्या रखवालदारांनी टोळ्यांच्या दमदाटीला कंटाळून काम बंद केले आणि ते जगप्रसिद्ध संग्रहालय दिवसभर बंद राहिले. मे २०१५ मध्ये आयफेल टॉवरच्या कर्मचाऱ्यांनीही त्याच कारणासाठी हत्यार खाली ठेवले. व्हेनिसमध्ये तर रहिवासीच गल्ल्यांतून ओरडत पर्यटकांना जागे करतात. ज्या व्यवस्थेतल्या माणसांनाच संप करून लक्ष वेधावे लागते, ती व्यवस्था आपल्या दहा दिवसांत सुधारेल या आशेवर राहण्यात शहाणपण नाही. न्यायाचा प्रश्न योग्यच आहे. तो सुटेपर्यंत पासपोर्ट कुठे ठेवायचा, हा प्रश्न वेगळा आहे.

दुसरा आक्षेप खास आपल्याकडचा आहे. ज्याने उभा जन्म लोकलमध्ये काढला, ज्याला दादरचा पूल आणि कुर्ल्याची गर्दी पाठ आहे, त्याला पॅरिसचा खिसेकापू काय शिकवणार? हा आक्षेप मला मोलाचा वाटतो, कारण तो माझ्याच मुद्द्याला दुजोरा देतो. मुंबईकराचे पाकीट लोकलमध्ये वाचते ते त्याची नजर तीक्ष्ण असते म्हणून नव्हे. सॅक छातीवर घ्यायची, मोबाइल पुढच्या खिशात, पास वेगळा, खिशात रोकड बेताची, ही त्याची वर्षांनुवर्षांची मांडणी असते. ती इतकी अंगवळणी पडलेली असते की ती आपण करतो हेही त्याला जाणवत नाही. तोच माणूस सुट्टीवर जातो तेव्हा नवे जाकीट घालतो, नवी बॅग घेतो, गळ्यात पाउच अडकवतो, आणि त्या पाउचमध्ये घरातल्या चौघांचे पासपोर्ट, सगळे युरो, दोन्ही कार्डे आणि परतीची तिकिटे एकत्र ठेवतो. म्हणजे लोकलमधली सगळी शिस्त मोडून तो युरोपात उतरतो. शिवाय हॉटेलच्या नाश्त्याच्या हॉलमध्ये खुर्चीवर पर्स ठेवून टोस्ट आणायला जाणे, लॉबीत सामान मांडून सगळ्यांनी मिळून चावीच्या रांगेत उभे राहणे, या गोष्टी तो ठाण्याच्या स्थानकावर स्वप्नातही करणार नाही. हॉटेल म्हणजे घर, असे मनाने धरलेले असते. आणि चोरालाही लॉबीत यायला कोणी अडवत नाही.

मांडणीचा पहिला नियम त्यातूनच निघतो: एका वस्तूबरोबर सगळे जाता कामा नये. हे पासपोर्टच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचे, कारण पैसा भरून निघतो, सहल निघत नाही. पासपोर्ट हरवला तर आधी स्थानिक पोलिसांकडे नोंद, मग भारतीय दूतावास किंवा वकिलात. व्हेनिसमध्ये तो गेला तर मिलानची वकिलात गाठायची, अडीचशे किलोमीटरहून लांब. शुक्रवारी संध्याकाळी गेला असेल तर आणखी गंमत. तिथून तातडीचा जो दाखला मिळतो तो फक्त भारतात परतण्यापुरता, एकाच प्रवासाचा असतो. त्यावर पुढच्या देशाचा व्हिसा नसतो. म्हणजे गटाचे पुढचे मुक्काम लंडनला असतील तर तुम्ही तिथे जाऊ शकत नाही. मग मूळ पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीतच ठेवावा का? हा सल्ला सरसकट देता येत नाही, कारण इटलीसारख्या काही देशांत परक्या नागरिकाने ओळखीचा मूळ कागद जवळ बाळगावा अशी कायद्याची अपेक्षा आहे. शिवाय तिजोरीत ठेवलेला पासपोर्ट निघायच्या घाईत तिथेच राहतो, हेही सहल चालवणाऱ्यांना ठाऊक आहे. ज्याचा पासपोर्ट त्याच्याच अंगावर, कपड्यांच्या आतल्या पट्ट्यात. झेरॉक्स बाहेरच्या खिशात. पासपोर्ट आणि व्हिसाच्या पानांचा फोटो स्वतःच्या ईमेलवर आणि घरी मुलाकडे. एवढे केले की राहिलेल्या तिघांची सहल चौथ्यासाठी अडत नाही.

मोबाइलचा विचार याहून कमी होतो, आणि खरे तर आज तोच अधिक करायला हवा. लंडनच्या पदपथावर नकाशा पाहत उभ्या असलेल्या माणसाच्या हातून ई-बाइकवरून येऊन मोबाइल खेचून नेणे ही आता तिथली नित्याची तक्रार आहे. त्या फोनबरोबर काय जाते? बोर्डिंग पास, हॉटेलचा पत्ता, टूर मॅनेजरचा नंबर, बँकेचे ॲप, आणि ओटीपी येणारे भारतीय सिम. त्या सिमची दुसरी प्रत रोमच्या दुकानात मिळत नाही. म्हणजे पैसा खात्यात सुरक्षित असूनही माणूस परक्या गावात कफल्लक होतो. इथे रिझर्व्ह बँकेचा एक नियम आपल्या बाजूचा आहे. २०२० पासून नवीन कार्डांवर परदेशातले व्यवहार मुळात बंदच असतात. ते ग्राहकाने सुरू करायचे असतात आणि कमाल रक्कमही त्यानेच ठरवायची असते. बहुतेक लोक निघताना सगळे सुरू करतात आणि मर्यादा सर्वांत वरची ठेवतात. तिथे पिन न विचारता नुसते टेकवून एका वेळी पन्नास युरोंपर्यंतचे बिल देता येते, आणि परदेशी संकेतस्थळांवर ओटीपीशिवाय खरेदी होऊ शकते, हे लक्षात घेतले तर मर्यादा खाली ठेवण्याचे महत्त्व कळेल. एक कार्ड वापरायचे, त्यावर दोन दिवसांपुरती मर्यादा. दुसरे कार्ड दुसऱ्या माणसाच्या बॅगेत, बंद अवस्थेत. आणि कागदाचा एक चिटोरा, ज्यावर बँकेचा, विम्याचा आणि घरचा नंबर शाईने लिहिलेला आहे. फेब्रुवारी २०२४ पासून आयफेल टॉवरच्या तिकिटासाठी यूपीआय चालू झाले याचे आपल्याला फार कौतुक वाटले. पण ते यूपीआयही त्याच फोनमध्ये असते.

मांडणी केवळ वस्तूंची नसते, निर्णयांचीही असते. प्राग किंवा बुडापेस्टच्या जुन्या भागात साध्या कपड्यांतले दोघे ओळखपत्र झटकन दाखवून सांगतात: पोलीस आहोत, खोट्या नोटा फिरताहेत, पाकीट दाखवा. आपल्याकडे वर्दीचा, किंवा वर्दीच्या नुसत्या नावाचाही, दरारा मोठा. माणूस पाकीट काढून देतो. त्या क्षणी विचार करायला वेळ नसतो, म्हणून उत्तर आधीच ठरलेले हवे: पाकीट कोणाच्याही हातात द्यायचे नाही, ‘पोलीस ठाण्यात चला, तिथे दाखवतो’ एवढेच म्हणायचे. खरा पोलीस त्याला हरकत घेत नाही. खोटा नाहीसा होतो. कायद्याची माहितीही अशीच आगाऊ कामी येते. प्रागमध्ये पैसे बदलून देणाऱ्या दुकानांनी पर्यटकांना इतके लुबाडले की २०१९ मध्ये चेक सरकारने कायदाच बदलला. आता एक हजार युरोंपर्यंतचा व्यवहार ग्राहक तीन तासांच्या आत रद्द करू शकतो. पावती हातात असलेला आणि हे ठाऊक असलेला माणूस परत जाऊन पैसे मागू शकतो.

शरीराच्या बाबतीतही हाच तर्क चालतो, आणि आपल्या ज्येष्ठ प्रवाशांसाठी मला तो चोरीपेक्षा गंभीर वाटतो. स्वित्झर्लंडच्या जवळजवळ प्रत्येक मराठी सहलीत युंगफ्राउयोख किंवा टिटलिस असतेच. युंगफ्राउयोखचे स्थानक ३,४५४ मीटरवर आहे. आपले कळसूबाई १,६४६ मीटर. कळसूबाईला चढताना दम लागतो, म्हणून सत्तरीचे आजोबा तिकडे फिरकत नाहीत. इथे मात्र गादीच्या खुर्चीत बसून, गरम डब्यातून, काही तासांत त्याच्या दुपटीहून उंच नेले जाते, जिथे श्वासातून मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशाने कमी असतो. रेल्वे जाते म्हणजे डोंगर नाही, असा समज होतो. हृदयविकार किंवा दम्याचा त्रास असणाऱ्याने हा दिवस ठेवायचा की गाळायचा हे डॉक्टरांना पुण्यात विचारायचे, वर पोहोचून नव्हे. उन्हाचेही तसेच. २०२२च्या उन्हाळ्यात युरोपात उष्णतेमुळे ६१ हजारांहून अधिक माणसे दगावल्याचा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. अथेन्सचे अॅक्रोपोलिस २०२३ मध्ये भर दुपारी बंद ठेवावे लागले. चंद्रपूर-नागपूरचा वाचक इथे हसेल. अडतीस अंशांचे काय कौतुक? पण नागपूरचा माणूस मे महिन्यात दुपारी एक वाजता उघड्यावर रांगेत उभा राहत नाही. तिथे त्याचे रक्षण त्याच्या सोसण्याने होत नाही, दिवसाच्या मांडणीने होते. आणि कोलोसियमच्या तिकिटावर वेळ दुपारी एकची असते. रस्ता ओलांडण्याबद्दल थोडक्यात: ब्रिटन, आयर्लंड, माल्टा, सायप्रस सोडले तर सगळीकडे वाहने उजवीकडून चालतात, म्हणजे आधी डावीकडे पाहायचे. स्वित्झर्लंडमध्ये झेब्रा पट्ट्यांवरसुद्धा ट्रामला अग्रक्रम असतो, हे मोटारींच्या सौजन्याची सवय झालेल्यांनी विसरू नये.

विमा हा या मांडणीचा सर्वांत दुर्लक्षित भाग. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो, म्हणून सगळे काढतात आणि व्हिसा मिळाला की विसरतात. ती अट आजारपण, रुग्णालय, मृत्यू आणि परत आणण्याचा खर्च यांपुरती आहे. चोरीला गेलेल्या बॅगेचा तिच्याशी संबंध नाही. अनेक पॉलिसींत आधीपासूनच्या आजारांना वगळलेले असते किंवा मर्यादा घातलेली असते. बीपी आणि शुगर अर्जात न लिहिता हप्ता वाचवण्याची आपली जी पद्धत आहे, तिची किंमत परदेशी रुग्णालयात वसूल होते. चोरीच्या भरपाईसाठी पोलिसांचा कागद लागतोच. तेव्हा ‘जाऊ दे, कोण जाणार ठाण्यात’ हे म्हणण्याआधी पॉलिसी वाचलेली बरी.

आता शेवटचा आक्षेप. आम्ही ग्रुप टूरने जातो; टूर मॅनेजर आहे, त्याचे काम तो करील. टूर मॅनेजर बहुधा करतोही, आणि प्रामाणिकपणे. पण चाळीस माणसांची बस असते. एकाचा पासपोर्ट गेला तर उरलेल्या एकोणचाळीस जणांना घेऊन त्याला पुढे जावेच लागते. हीच विसंबण्याची सवय घरातही असते. एक जण सगळे कागद, सगळे पैसे, सगळी माहिती स्वतःकडे ठेवतो, बहुधा वडील किंवा मोठा मुलगा. बाकीचे त्याच्यामागून निर्धास्त चालतात. मेट्रोचे दार मध्येच लागले आणि आई फलाटावर राहिली, तर तिच्या हाती काय असते? हॉटेलचे नाव तिला ठाऊक नसते, एक युरोही तिच्याकडे नसतो.

म्हणून वाचकांना एक विनंती. ही पुस्तिका घरातल्या कर्त्या माणसाने एकट्याने वाचून बाजूला ठेवू नये. सहलीला निघणाऱ्या प्रत्येकाने, आजींनी आणि दहा वर्षांच्या नातवानेही, निदान पासपोर्ट आणि मोबाइलची दोन प्रकरणे वाचावीत. प्रत्येकाच्या खिशात हॉटेलचे कार्ड आणि वीस-तीस युरो असावेत, आणि संकटात ११२ हा क्रमांक तिथेही, महाराष्ट्रातल्यासारखाच, मोफत लागतो हे प्रत्येकाला पाठ असावे. बॅगा भरायला घेण्याच्या आदल्या रविवारी तासभर दिला तरी पुरेल.